गादीवरचा लॅपटॉप

उस्ताद,

एका लॅपटॉपनं माझं काय काय नेलं ते आधी सांगतो. दोन दिवसांची दुपारची झोप गेली. निलंग्याला मेहुण्याच्या पोरीचं लग्न होतं, तिथली पंगत गेली, आणि त्यापायी घरात जे ऐकावं लागलं ते वेगळंच. गरज नसताना त्यात एक नवी मेमरी बसवली, ती गेली. आणि शेवटी तुमचा एक नियम गेला. बाकीच्याचं मला वाईट वाटतं, नियमाचं वाटत नाही. तेवढं तोंडावर सांगावं म्हणून लिहायला बसलोय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता मधेच हात वर करून "बस रे" म्हणणार नाही, हा एक फायदा आहे.

आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, लातूरच्या माझ्या दुकानात तुमचं काही नाही. तुमचा फोटो नाही, तुमच्या हाताखालचं एक हत्यार नाही, तुमचा एकही कायदा नाही. तुम्ही रेडिओ-टेपवाले, मी कॉम्प्युटरवाला. नांदेडच्या तुमच्या दुकानातून मी पिशवी उचलून निघालो, तेव्हा तुम्ही मान वर न करता म्हणाला होतात, "जा, अब दारोदार फिर." फिरलो नाही. बसलो. एका चहाच्या टपरीच्या आडोशाला स्टूल टाकून बसलो, मग टपरीएवढं दुकान झालं, आज काचेचं दार आहे आणि आत थंड हवा आहे. लोक म्हणतात, तुमच्या उस्तादांची देणगी, काय कान आहे! मी म्हणतो, कान माझ्या आईचे. उस्तादांनी फक्त कामाला लावले.

तर लॅपटॉप. मोंढ्यातल्या एका आडत दुकानाचा. मालक वयस्कर, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, सगळा बाजार त्यांना अप्पा म्हणतो. त्यांची सून शिकलेली. मुलगा बाहेरची खरेदी बघतो, म्हणून दुकानात कॉम्प्युटरवर बसायचं काम तिनं मागून घेतलं. अप्पांच्या घराण्यात गादीवर बसलेली ही पहिली बाई. शेतकऱ्याचा माल आला, वजन झालं, की भाव-वजनाची छापील पट्टी त्याच्या हातात द्यायची, हे तिचं काम. एक दिवस ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. "काका, लई हळू झालाय. पट्टी निघेपर्यंत शेतकरी तंबाखू मळून, खाऊन, थुंकून येऊन राहिलेत." मी हसलो आणि मशीन टेबलावर ठेवलं. बटण दाबलं, तर झटक्यात चालू. तिची पट्टी उघडली, लगेच उघडली. ती म्हणाली, "सकाळी आमच्याकडंही असंच असतं. बाजार भरला की बसतं." मला वाटलं, काम वाढलं की दमतंय. सुरू होताना आपोआप जागे होणारे बिनकामाचे प्रोग्राम बंद केले, आतला पंखा साफ केला. कापसाचे बारीक तंतू निघाले, ते फुंकून दिले. झालं, म्हटलं, घेऊन जा.

थोड्या दिवसांनी परत आली. पुन्हा माझ्या टेबलावर मशीन हरणासारखं. डिस्क तपासली, चांगली. व्हायरस शोधला, नव्हता. मेमरी कमी पडत असेल म्हणून नवी बसवली. दिवसभर चालू ठेवून पाहिलं, कुठं अडखळलं नाही. ती न्यायला आली तेव्हा नेहमीसारखी बोलली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "काका, घरी सगळे म्हणतात मी त्यात सिनेमे भरले. उघडून बघा ना, एक तरी हाय का." नव्हता. पण हे मी माझ्या दुकानात तिला सांगून काय उपयोग?

इथं मला अर्धापूरची ती म्हातारी आठवते. तुम्हालाही आठवत असेल, विसरणं तुमच्या स्वभावात नव्हतं. रेडिओ जुन्या लुगड्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन ती एसटीनं नांदेडला येते. "घरी घूं घूं करतंय, बाबा." तुम्ही लावता, कान देता, रेडिओ स्वच्छ गातो. "कुछ नहीं है अम्मा, ले जाओ." ती जाते. पुन्हा येते. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ती पायरीवर बसून म्हणते, "मी खोटं बोलून राहिले का? मालक गेल्यावर घरात आवाज करणारं एवढंच उरलंय." तुम्ही तिला पाणी दिलंत, चहाही दिलात. तिच्या घरी गेला नाहीत. दुकानाच्या दाराशी तुमची पाटी होती, मराठीत आणि खाली उर्दूत: मशीन इथे आणावी. मिस्त्री घरी येणार नाही. आणि ती पाटी का लावली तेही तुम्ही मला सांगितलं होतं. तरुणपणी एका मोठ्या घरी ग्रामोफोन दुरुस्तीला गेलात, त्यांनी मागच्या दारानं आत घेतलं, चपलांजवळ बसवून काम करून घेतलं, आणि फुटक्या कानाच्या कपात चहा दिला. "मिस्त्री लोगां के दरवाजे पे गया, तो नौकर हुआ. मशीन को आने दे. समझा क्या रे?" मी हौ म्हणालो होतो.

पण सुट्टीच्या दिवशी मी अर्धापूरला गेलो. म्हातारीनं अंगणात खाट टाकली, वर धुतलेली वाकळ अंथरली, मगच मला बसू दिलं. ज्वारीची भाकरी आणि पिठलं खाऊ घातलं. मी रेडिओ लावला, स्वच्छ. बसून राहिलो. मग केळीच्या मळ्यातली मोटार कुणीतरी चालू केली आणि रेडिओ घूं घूं करायला लागला. रेडिओच्या फळीमागच्या भिंतीवरच मोटारीचा स्टार्टर होता. फळी काढून समोरच्या भिंतीला ठोकली. संपलं काम. म्हातारीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. चार दिवसांनी ती केळीचा घड घेऊन दुकानात आली आणि भर गिऱ्हाइकांत तुमच्यासमोर म्हणाली, "तुमच्या पोरानं घरी येऊन नीट केलं हो." तुमचा चेहरा मी अजून विसरलो नाही. ती गेल्यावर म्हणालात, "मेरे कान को बट्टा लगाया तू ने. नौकर हो के आया." आणि तो घड गल्लीत वाटून टाकलात. शेजारच्या शिंप्याला केळी, पानवाल्याला केळी, समोरच्या शेळीलासुद्धा केळं. मला नाही. उस्ताद, मी नोकर म्हणून गेलो होतो का तिथं? खाटेवर वाकळ टाकून नोकराला बसवतात का? तुमचा अपमान तुमचा होता. तो खरा होता, त्या घराला मी आजही शिव्या देतो. पण तो तुम्ही मला वारशात का दिलात? मला तर भाकरी मिळाली होती. शेळीला केळं मिळालं त्याच आठवड्यात मी लातूरची गाडी धरली.

आता परत लॅपटॉपकडे येतो. लग्नाच्या दिवशी आम्ही निलंग्याला निघालो. स्टँडवर गाडी लागलेली, बायको खिडकीत जागा धरून बसलेली, मी खाली उभा. फोन आला. सूनच होती. आवाज दबका. "काका, तुम्ही कुठं येत नाही ते माहीत हाय मला. पण आज लई वाईट झालंय. शेतकरी भांडून राहिलेत." तिच्या आवाजामागून अप्पांचा आवाज येत होता. दूर होता, पण मला स्पष्ट ऐकू आला. "उद्यापासून माझ्या भाच्यालाच बसवतो गादीवर. बाईमाणसाच्या हातात मशीन टिकत नसतं." आणि अप्पांच्याही मागून, अगदी बारीक, एक शिट्टी येत होती. न थांबता. मी म्हटलं, "पोरी, फोन मशीनजवळ धर." तिनं धरला. पंखा होता तो. जीव तोडून फिरत होता. माझ्या टेबलावर दिवसभर चालू होता तेव्हा हा आवाज एकदाही आला नव्हता. म्हणजे दुखणं मशीनमध्ये नव्हतं. दुखणं मोंढ्यात होतं. मोटार चालू झाली होती, उस्ताद, आणि मी अजून तुमच्यासारखा नांदेडच्या दुकानातच बसून होतो.

बायकोला म्हटलं, "तू हो पुढं." तिनं जे तोंड केलं ते लिहीत नाही. रिक्षा करून मोंढ्यात गेलो. दुकानात सोयाबीनची पोती छताला भिडलेली, हमाल, शेतकरी, सगळे सुनेकडे बघत उभे. आडतीतली गादी तुम्ही पाहिली आहे, भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढऱ्या खोळीची, मऊ, लोड लावलेली. अप्पा एका टोकाला, सून दुसऱ्या टोकाला, आणि लॅपटॉप मधोमध त्या मऊ गादीत असा रुतलेला, जसा सासुरवाडीला आलेला जावई. वर झेंडूचं फूलसुद्धा होतं. अप्पा म्हणाले, "या मिस्त्री. तिकडं स्टुलावर बसा." मी चपला काढल्या आणि गादीवर गेलो. बसलो नाही, सरळ पालथा पडलो आणि कान लॅपटॉपच्या बुडाशी लावला. मागून एक हमाल म्हणाला, "हे सायेब लॅपटॉपच्या पाया पडून राहिले काय?" दुसरा म्हणाला, "पड बाबा, तेवढ्यानं तरी पावंल." सगळे हसले. मीही हसलो, कारण मला ऐकू आलं होतं. मशीन खालच्या जाळीतून हवा ओढत होतं आणि हवेऐवजी गादी ओढत होतं. हात घातला तर खालची खोळ तापलेल्या तव्यासारखी. दोन बोटांनी मशीन वर उचललं. शिट्टी हळूहळू खाली उतरली. पुन्हा ठेवलं, पुन्हा चढली. आणि मग मला ते कापसाचे तंतू आठवले, जे मी शहाण्यासारखे फुंकून दिले होते.

"अप्पा," मी म्हटलं, "ह्याचं नाक खाली असतं. तुमची गादी त्याचं नाक दाबून राहिली. तापलं की ते जळू नये म्हणून स्वतःच पाय ओढतं. सकाळी थंड असतं म्हणून पळतं. सुनबाईचा काही दोष न्हाई. तिनं ह्यात एक गाणं सुद्धा ठेवलेलं न्हाई, मी आत बघितलंय. हे टेबलावर ठेवा, संपलं." हे मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, हमालांनाही ऐकू जाईल असं. अप्पांनी डोळे बारीक केले. "टेबलावर? मिस्त्री, आमच्यात धंदा गादीवरून होतो. आमच्या आज्यानं तराजू गादीवर ठेवला, बापानं तिजोरीची किल्ली गादीखाली ठेवली. पोट भरणारी वस्तू गादीवरून उतरवायची म्हणजे तिला हाकलून दिल्यासारखं व्हतंय." आता ह्या म्हाताऱ्याशी काय वाद घालायचा? त्याचा मान त्याच्या गादीत होता, जसा तुमचा पाटीत होता. मी विचारलं, "अप्पा, जावई जेवायला आला तर नुसत्या जमिनीवर बसवता का?" "असं कसं? पाट देतो." "मग ह्यालाही पाट द्या. राहू द्या गादीवरच."

अप्पा पोट हलेपर्यंत हसले. देवाच्या कोनाड्यातून पाट आणवला, सुनेनं पदरानं पुसून गादीवर ठेवला, वर लॅपटॉप. खालून बोट जाईल एवढी फट राहावी म्हणून मी दोन्ही बाजूंना लाकडाच्या पट्ट्या सरकवल्या. थोडं थांबलो. शिट्टी बंद. "काढ पट्टी," म्हटलं. पहिल्या शेतकऱ्याची पट्टी सर्रकन बाहेर आली, त्याची तंबाखू अजून तळहातावरच होती. मग दुसऱ्याची, तिसऱ्याची. दुकानात गडबड पुन्हा सुरू झाली, पण आता ती धंद्याची होती. भाच्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. अप्पांनी माफी वगैरे मागितली नाही, अशी माणसं मागत नाहीत. सवयीनं म्हणाले, "सुनबाई, मिस्त्रींना चहा सांग." ती उठायला लागली, तशी त्यांनी हातानं थांबवलं. "नको. तू बस. तुझं काम चाललंय." आणि स्वतः धोतर सावरत गादीवरून उतरून चहा सांगायला गेले. सून मान खाली घालून पट्ट्या काढत होती. तिचं नाक ओढल्याचा आवाज मला आला, बाकी कुणाला आला नसेल.

चहा चांगल्या कपात आला, उस्ताद. कान शाबूत होता, मी मुद्दाम बघितला. आणि मी गादीवर, लोडाला टेकून तो प्यालो. दारात गेलो, आत गेलो, गादीवर पालथाही पडलो, आणि नोकर झालो नाही. अर्धापूरलाही झालो नव्हतो. काही दुखणी मशीनबरोबर दुकानात येतच नाहीत, ती घरी राहतात, आणि त्यांना भेटायला उठून जावं लागतं. हे तुमच्यासारख्या कानाच्या माणसाला कळू नये, याचा मला तेव्हाही राग होता आणि आताही आहे. माझा कान चुकीचा नव्हता. तुमचाही नव्हता. तुम्ही फक्त तो घेऊन बाहेर पडला नाहीत.

हे कुठं पाठवणार? तुमच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं लटकतात, तिथला पोरगा तुमचं नावही ऐकून नाही. घडी करून पाकिटात ठेवतो, झालं.

ठेवण्याआधी वरचं एकदा वाचलं. माझ्या दुकानात तुमचं काही नाही, असं मी लिहिलंय. काचेच्या दाराशी एक पाटी आहे. मशीन इथे आणावी. मिस्त्री घरी येणार नाही. मागच्या दिवाळीत रंग उडाला होता, म्हणून मी ती पुन्हा रंगवून घेतली.