म्हाताऱ्याच्या पाच लोंब्या

३ जून
पोचले एकदाची! करकहून बस निघाली तेव्हा कोणाच्या तरी कोंबड्यांची टोपली माझ्या मांडीवर होती, आणि उतरेपर्यंत टोपलीवाली माझी मैत्रीण झाली होती. तल्ल हब्बा म्हणजे एक टेकाड, त्याच्याभोवती पिकलेला गहू आणि वीसेक घरं. मी राहतेय उम्म सक्र नावाच्या विधवेकडे. बिचारी फेंगडं फेंगडं चालते, जीभ मात्र सरळ चालते. मी तिला मावशी म्हटलं, उत्खननातली हाडं तपासायला आलेय म्हणून सांगितलं, तर तिने विचारलं, हाडं काय तुमच्या अम्मानात मिळत नाहीत का? मरामियाचा सुवासिक पाला घातलेला चहा फक्कड होता.
रात्री फोनवर लेकीशी, तालियाशी बोलले. तीस तारखेला तिला सात वर्षं पूर्ण होतील. केक कापायला मी घरी असेन, असा शब्द दिलाय.

७ जून
उत्खननाचे प्रमुख डॉ. वासिफ यांनी आज दोन थर दाखवले. खालच्या थरातली माणसं रानातलं वेचून, हरणं मारून जगायची. त्यांची हाडं लांब, सरळ, दात धड. वरचा थर पहिल्या शेतकऱ्यांचा. माणसं बुटकी, दात किडलेले. तिथेच घराच्या जमिनीखाली पुरलेली एक बाई सापडली. गुडघे झिजलेले, पायांचे अंगठे वर मुडपलेले. जन्मभर पाट्यापुढे गुडघे टेकून, चवड्यांवर जोर देऊन दळलं की असं होतं. पाटा-वरवंटाही तिच्या शेजारीच होता. खालच्या थरातला रानगहू पिकला की आपोआप गळायचा. वरच्या थरातला गहू लोंबी सोडत नाही. त्याला मळायला, पेरायला माणूस लागतो.
जेवताना हे मावशीला सांगितलं, तर ती खो खो हसली. एवढंच शिकायला इतकी वर्षं घालवलीस होय? तिची सासू म्हणायची, गव्हाला पाय नसतात, म्हणून तो बाईचे घेतो.

१२ जून
मावशीच्या शेताची कापणी झाली. इथे शेवटचा पुंजका घरी नेत नाहीत. त्याला म्हातारा म्हणतात. खड्ड्यात निजवून माती लोटतात, डोक्याशी-पायाशी दगड ठेवतात. बायका खोटंखोटं रडतात आणि पुरुष ओरडतात, "म्हातारा गेला, देवा, नवा दे!" एक जण मला म्हणाला, "रडा की बाई, का तुमचा कोणीच लागत नाही तो?" मीही दोन हुंदके दिले.
जुन्या दाण्यांशी ताडून बघायला मला इथलं गावठी बियाणं हवंच होतं, आणि शेतात तेवढंच उरलं होतं. सगळे चहाकडे वळल्यावर मातीतून पाच लोंब्या ओढून पाकिटात घातल्या. मागितल्या असत्या तर नाहीच म्हणाले असते.

१४ जून
दगडावर दळल्याच्या खुणा कशा उमटतात ते बघायचं होतं. हा प्रयोग नव्या दगडावर करायचा असतो. मी त्या पुरलेल्या बाईच्याच पाट्यावर केला, त्या पाच लोंब्यांचे दाणे दळून. वासिफांना कळलं तर माझी धडगत नाही. चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं. गोडसर होतं.
संध्याकाळी मावशी दारात आली. म्हाताऱ्याची माती कोणीतरी उकरली होती. मी कानांवर हात ठेवले. ती म्हणाली, ज्याने नेलं त्याने दाणा न् दाणा परत ठेवावा. नाहीतर म्हाताऱ्याला दळणारी लागते. बोलताना ती माझ्या पायांकडे बघत होती.
परत काय ठेवू? पीठ?

१८ जून
अंगठे ठणकताहेत. उजाडताना जाग आली ती मावशीकडच्या, उत्खननाचं सामान ठेवलेल्या खोलीत, पाट्यापुढे, गुडघ्यांवर. हातात वरवंटा. पाट्यावर दाणा नव्हता, तरी नखांत पीठ होतं. उन्हाचा ताप असेल.

२१ जून
करकच्या दवाखान्यात पायांचा एक्स-रे फोटो काढला. डॉक्टरने विचारलं, किती वर्षं जमिनीवर बसून काम करताय? मी म्हटलं, खुर्चीवर करते. त्याने फोटो माझ्यापुढे धरला. हाडं बघणं माझा धंदा आहे. मुडपलेला अंगठा मी लगेच ओळखला.
इथला गाशा गुंडाळायचा. उद्याच निघायचं.

२३ जून
काल बसमध्ये बसले होते. शेवटचं शेत मागे पडलं आणि पाय — माझे पाय उठले. मी नाही. चालती बस थांबवायला लावली, उतरले, गुडघे फुटेस्तोवर पळत परत आले. पाट्यापाशीच थांबले.
मावशीला सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या घालेल. तिने परात आणली आणि माझे पाय धुतले. भीती वाटली ती तेव्हा. मग स्वतःचे मोजे काढले. तिचे अंगठेही —
म्हणाली, पोरी, मीसुद्धा कापणीपुरतीच आले होते.

२६ जून
रोज दळते. दाणे कुठून येतात, विचारत नाही. तालियाचा फोन आला. उजव्या हाताला वरवंटा सोडवेना. घंटी वाजून वाजून थांबली.
मावशी आता सरळ चालते.

२८ जून
मावशीने घरी फोन केला. माझ्या नवऱ्याला — मुनीबला — सांगितलं, नुहादला बरं नाही, वाढदिवस इथेच करा. मी ओरडले, येऊ नका. दगडाच्या घरघरीत ऐकू गेलं नसणार. मावशीला विचारलं, का? ती म्हणाली, लेकराशिवाय आईचं मन रमतं का? आणि तुझ्यामागे दळायला कोणी नको?

३० जून
आले. डाव्या हाताने लिहितेय, उजवा थांबत नाही —
मुनीब अंगणात चहा पितोय. मावशी त्याला गप्पांत गुंतवतेय.
तालिया दारात. नवा पिवळा फ्रॉक. म्हणतेय, आई, तू घरी आली नाहीस ना, म्हणून आम्हीच आलो. म्हणतेय, आई, ही काय गंमत, मला पण —
नको म्हणायचंय. तोंडात पीठ —
गुडघे टेकले तिने. छोटे, गोरे, सरळ अंगठे. हात पुढे करतेय, बोट पिठात, आता तोंडा—
तालिया ऊठ पळ ता