मागचं दार वाजायचं थांबलं

मंगळवार, संध्याकाळ

सकाळी जुन्या गाडीचं मागचं दार अखेर सरळ बसवलं. बिजागऱ्या ढिल्या करून दार उचललं, कुलपाचा हूक दोन सूत आत घेतला. चार महिने नुसता खडखडाट. दुरुस्तीचं काढलं की अण्णा म्हणायचे, "वाजू दे की. तुला काय तरास हाय?" म्हातारपणी वडील हट्टी होतातच, असं मी समजलो.

दुपारी त्यांना वैरागहून सोलापूरला डायलिसिसला नेलं. दार गप्प. मग प्रत्येक खड्ड्याला मागच्या सीटवरून कण्हणं ऐकू आलं. आरशात पाहिलं, तर टॉवेल दातांत धरलेला. चार महिने हाच रस्ता. त्या खडखडाटात मला कसं कळलं नाही?

घरी येऊन हूक पुन्हा दोन सूत बाहेर घेतला, दार वाजेल असा. अण्णा बघत होते.