वाढत्या अंगाचा पट्टा

आदरणीय व्याहीबुवा,

साष्टांग नाही (कंबर धरली आहे), पण मनापासून नमस्कार. तुमचे गुडघे काय म्हणतात? विहीणबाईंचा खोकला गेला का? इकडे सगळे खुशाल, एक मी सोडून. तक्रार तुमच्या लेकीबद्दल, म्हणजे आमच्या सूनबाईबद्दल आहे. पोर गुणाची, पण गाडीचं दार उघडलं की तिचा फौजदार होतो.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी हाडाचा शिंपी. उभ्या जन्मात लहान मुलाचा एकही कपडा मी अंगाबरोबर शिवला नाही. वाढतं अंग, चार बोटं जास्त ठेवायची, हा आमचा धर्म. (तुमच्या जावयाची तिसरीतली पँट सहावीपर्यंत गेली. तिसरीत ती बगलेपर्यंत यायची, ते सोडा.) तर तीन वर्षांच्या नातीसाठी गाडीत बसवायची ती खुर्ची आणली आणि मी पट्टे पाहिले. पोर अगदी आवळून बांधलेली! जीव कळवळला हो. सूनबाई चहाचे कप विसळत होती, तेवढ्यात मी गुपचूप खाली गाडीपाशी जाऊन पट्टे चार बोटं सैल केले आणि पाठीशी कापसाची मऊ गादी शिवून सरकवली. गादीला झालरसुद्धा लावली.

दुसऱ्या दिवशी नातीला लस टोचून आणायला निघालो. मुलगा गाडी चालवत होता, मी नातीशेजारी. घाईत पट्टे कुणीच तपासले नाहीत. चौकात मांजर आडवं आलं, मुलानं करकचून ब्रेक मारला, आणि नात गादीवरून सर्रकन पुढे गेली. पट्टे खांद्यावरून दंडावर उतरले, कपाळ समोरच्या सीटवर आपटलं. (मांजर रस्त्यातच बसून अंग चाटत होतं, निर्लज्ज!) टेंगळावर भागलं. ती रडायला लागली तेव्हा कुठे माझा श्वास सुटला.

घरी खटला चालला. सूनबाई पट्टा चिमटीत धरून म्हणाली, "बाबा, घडी येते म्हणजे सैल आहे." अहो, हीच चिमटी मी जन्मभर गिऱ्हाइकांच्या पोरांच्या खांद्यावर धरली आणि घडी आली की म्हणायचो, छान, वाढायला जागा आहे! गादी जप्त झाली. आता नातीशेजारी बसायचं तर आधी पट्टे आवळून दाखवायचे, चिमटीत काही आलं की मी घरी. सासऱ्याची अशी परीक्षा घेतात का कुठे? तुम्ही निवृत्त हेडमास्तर, लेकीला चार शब्द सुनावा.

सांगायचं ते सांगितलं. लोभ आहे तेवढा असू द्या.

आपला,
तुमच्या लेकीनं गांजलेला सासरा

ता.क. लेकीला काही सुनावू नका. बरोबर तीच आहे.

ता.क.चा ता.क. खरं काम हे. नात सुट्टीला तुमच्याकडे येते आहे. तुम्ही तिला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसता आणि "आजोबांच्या मांडीसारखी जागा नाही" म्हणता, हे तिनंच मला सांगितलं. खुर्ची सोबत पाठवतो आहे, ती मागच्या सीटवर लावा. कोपऱ्यावर भाजीला जायचं असलं तरी नात तिच्यातच बसेल. रडली तर रडू द्या. मांडीवर घेतलीत असं कानावर आलं, तर व्याह्यांचा मान खुंटीला टांगून मी पहिल्या गाडीनं येईन आणि पोरीला घेऊन परत जाईन. राग मानू नका. मानलात तरी चालेल.