निबंध एकदा माणसाने वाचावा, यासाठी

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
पुणे.

विषय : इयत्ता नववीतील कु. उत्कर्षा रणपिसे हिच्या मराठी निबंधाच्या तपासणीबाबत.

संदर्भ : विद्यालयाचे पत्र, दि. २२ जुलै २०२५ (ओळी सहा, शुद्धलेखनाच्या चुका नऊ).

महोदय,

अर्जदार तात्याराव रणपिसे, वय ७४, राहणार खडकी, याने शनिवार पेठेतील एका छापखान्यात चौतीस वर्षे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. उत्कर्षा ही त्याची नात. तिला ऱ्हस्व-दीर्घ अर्जदारानेच शिकवले. या प्रकरणातील मूळ गुन्हा तोच, हे आता निष्पन्न झाले आहे. विद्यालयाचे नाव संदर्भीय पत्राच्या माथ्यावर आहेच. ते पुन्हा लिहिण्याइतका आदर अर्जदाराकडे शिल्लक नाही.

पहिल्या चाचणीत ‘आमच्या घरातली सकाळ’ हा निबंध घरून लिहून आणायचा होता. उत्कर्षाने स्वहस्ते चार पाने लिहिली. विद्यालयाने यंदा निबंध तपासणारी एक संगणक प्रणाली घेतली आहे. मराठीचे शिक्षक श्री. अनिरुद्ध सर पानांचे फोटो तिला देतात आणि ती सांगेल तो आकडा वहीवर उतरवतात. एवढ्या कामासाठी बी.एड. लागते, हे अर्जदारास ठाऊक नव्हते. प्रणालीने निबंध ‘८७ टक्के यंत्रलिखित’, म्हणजे मुलीने नव्हे तर यंत्राने लिहिलेला, ठरवला. कारणे दोन : एकही चूक नाही आणि वाक्ये पूर्ण आहेत. सरांनी शून्य गुण दिले आणि वर्गासमोर म्हणाले, “तुमच्या वस्तीतली मुलं असं लिहीत नाहीत.” हे वाक्य प्रणालीचे नव्हे, सरांचे स्वतःचे आहे, याची नोंद व्हावी.

सदर निबंधात एक वाक्य आहे : ‘हडपसरच्या कंपनीत जायला निघण्याआधी आई आजोबांच्या डब्याचं झाकण मुद्दाम सैल लावते, कारण त्यांच्या बोटांत आता जोर नाही आणि ते कबूल करत नाहीत.’ सूनबाई शालन असे करते, हे अर्जदारास या निबंधातूनच कळले. यंत्रास ते आधीपासून ठाऊक असल्यास ते आमच्या स्वयंपाकघरात केव्हा येऊन गेले, याचा खुलासा विद्यालयाकडून मागवावा.

उत्कर्षा असे लिहिणारे यंत्र वापरतच नाही असे नाही. भूमितीचे प्रमेय अडले की ती आईच्या फोनवर त्यास विचारते, उत्तर पुस्तकाशी ताडून पाहते आणि वहीत खाली लिहिते, ‘ही पायरी समजून घ्यायला यंत्राची मदत घेतली.’ दोनदा यंत्राचे उत्तर चुकले, तेही तिनेच पकडले. तिची ही प्रामाणिक टीप मुख्याध्यापकांनी ‘कबुलीजबाब’ म्हणून फायलीस लावली आहे. एखादे साधन जबाबदारीने कसे वापरावे, हे त्या इमारतीत एकाच व्यक्तीस समजते आणि तिला आठ दिवस वर्गाबाहेर बसवले होते.

अर्जदार मुख्याध्यापकांना भेटला. ते म्हणाले, “आजोबा, मशीन खोटं कशाला बोलेल?” अर्जदार म्हणाला, “मग तिला तुमच्यासमोर लिहू द्या.” त्यांनीच विषय दिला, ‘शाळेतील नळ’. उत्कर्षाने त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर चाळीस मिनिटे बसून दोन पाने लिहिली. मुख्याध्यापक समोर बसून फोन पाहत होते. प्रणालीने निकाल दिला : ९३ टक्के यंत्रलिखित. आता तरी गृहस्थ ओशाळतील, हा अर्जदाराचा भोळेपणा. ते म्हणाले, “बघा, मुलगी मशीनची भाषा पाठ करून आली आहे.” एवढ्या ठाम अज्ञानाला नमस्कार करून अर्जदार घरी आला.

पुढील भाग लिहिताना भाषा सुटल्यास माफी असावी. पायल नावाच्या तरुण शिक्षिकेने उत्कर्षाला बाजूला घेऊन सांगितले, “बाळा, दोन-चार चुका टाकत जा, सुटशील.” त्यांचा हेतू वाईट नव्हता. दुसऱ्या चाचणीत उत्कर्षाने ‘आणी’ लिहिले, ‘पाणि’ लिहिले, ‘दीवस’ लिहिले, दोन वाक्ये अर्धवट सोडली. प्रणाली प्रसन्न झाली. ‘मानवी लेखन’, वीसपैकी चौदा. सरांनी ‘सुधारणा आहे’ असा शेराही दिला.

ती उत्तरपत्रिका अर्जदाराने पाहिली. अक्षर नातीचे, चुका कोणाच्या ते कळेना. त्याने विचारले, “हे काय गं?” ती म्हणाली, “आजोबा, ‘पाणि’ लिहिताना हात अडला होता. शेवटच्या पानावर चुकताना अडला नाही.” महोदय, विद्यालयाने तिला या वर्षात शिकवलेली ही एकमेव गोष्ट आहे.

मागणी काय लिहू, असे अर्जदाराने तिलाच विचारले. ती म्हणाली, “ते चौदा गुण काढून घ्यायला सांगा. ते माझे नाहीत. त्यापेक्षा शून्य बरं.”

सबब, दुसऱ्या चाचणीतील चौदा गुण रद्द करावेत. पहिला निबंध ज्यास वाचता येते अशा एका माणसाकडे द्यावा. त्याने वाचून शून्य दिल्यास आमची हरकत नाही.

आपल्या स्वहस्ते लिहिलेल्या उत्तराची अपेक्षा ठेवणारा,

तात्याराव रणपिसे
खडकी, पुणे
दि. १ सप्टेंबर २०२५

सोबत :
१) ‘आमच्या घरातली सकाळ’, मूळ पाने चार.
२) ‘शाळेतील नळ’, पाने दोन; आणि विद्यालयाचे संदर्भीय पत्र.
३) चौदा गुणांची उत्तरपत्रिका. ही परत पाठवू नये.