विल्फच्या दगडावरची किटली

ती. हिल्डावन्सं यांना मॉडचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे मी बरी आहे. वाटाणे वर आलेत, कोंबड्या रुसल्यात, आणि तुमच्या भावाचा कोट अजून खुंटीवरच आहे. (काढणार नाही. तिथे तो कुणाला नडत नाही.)

विल्फच्या कबरीच्या दगडावर अजून एक अक्षर पडलेलं नाही. ओळ तुम्हाला ठाऊक आहेच: तो बोले कमी, पण किटली तोच चढवी. पाद्री मिस्टर ऑल्डरसननी ती वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सुंदर आहे, मिसेस पेडली. फक्त हा 'पण'आधीचा स्वल्पविराम... जरा विचार करू या?"

मी शाळा लवकर सोडलेली, तेव्हा वाटलं, चुकलंच असेल. वाचनालयाच्या गाडीतून व्याकरणाचा एक ठोकळा आणला आणि स्वयंपाकघरात बसून वाचला. (वाचताना विल्फच्या खुर्चीकडे बघून "ऐकतोस ना?" म्हणायची सवय गेलेली नाही.) त्यात लिहिलंय की, दोन पूर्ण वाक्यं 'पण'ने जोडली तर मध्ये स्वल्पविराम, 'पण' गाळलं तर अर्धविराम, आणि वाक्यात आधीच स्वल्पविरामांची जत्रा भरली असेल, तर 'पण' असूनही अर्धविराम चालतो. आमच्या ओळीत जत्रा नाही. विल्फला गर्दी आवडतच नसे.

पुस्तक काखेत मारून गेले. पाद्रींना फार आनंद झाला आणि त्यांनी मला मिस थिसलवुडकडे धाडलं, त्या निवृत्त शिक्षिका म्हणून. त्या म्हणाल्या, "अगं मॉड, नियम बरोबरच आहे. पण दगडावर अर्धविराम कसा भारदस्त दिसतो." मी म्हटलं, मग 'पण' काढते. तर म्हणे, "मग किटली जरा एकटी पडते, नाही का?" आणि केकचा तुकडा पुढे केला. चर्चचे कारभारी मिस्टर ट्रँटर तर त्यांच्याही पुढचे: "'तो बोले कमी' इथेच पूर्णविराम द्या, बाई. भानगडच नको."

घरी येऊन कोंबड्यांना दाणे टाकताना डोक्यात प्रकाश पडला. दुरुस्ती कुणाचीही असो, अडते ती किटलीपाशीच. स्वल्पविरामाशी कुणाचं वैर नव्हतं. कबरस्तानात किटली शोभत नाही, हे विधवेच्या तोंडावर सांगायची आमच्या गावात कुणाची प्राज्ञा नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून बिचाऱ्या स्वल्पविरामाचा कान धरला होता.

रविवारी चर्चच्या दारातच विचारलं, "मिस्टर ऑल्डरसन, किटली नडतेय ना?" ते बीटासारखे लाल झाले. आभाळाकडे बघून म्हणाले, "आज हवा बरी आहे." मग हळूच, "थोडीशी नडते." दोघांनाही इतकं हलकं वाटलं की आम्ही हसलोच. मग मी त्यांना सांगितलं, आमचं बाळ गेलं त्या दिवशी विल्फला एक शब्द सुचला नव्हता. त्यानं किटली चढवली. कप माझ्या हातात दिला आणि मी पिईपर्यंत बशी धरून उभा राहिला. पाद्रींनी पुन्हा चष्मा पुसला. म्हणाले, "राहू द्या किटली. फक्त त्यांच्या घरच्यांची लेखी संमती आणा."

गुडघ्याला ऊब द्या. वाटाणे भरले की पाठवीन.

तुमची भावजय,
मॉड

ता. क. घरच्यांपैकी आता तुम्हीच उरलात. संमती तुमचीच हवी. अक्षरं कोरणारा थांबलाय.

आणखी ता. क. तुमचं मागचं पत्र काल पुन्हा काढून वाचलं. ओळ छान आहे, फक्त स्वल्पविरामाचं बघ, असं तुम्हीही लिहिलंय. तेव्हा मी ते व्याकरण समजून वाचलं होतं. वन्सं, आता सरळ सांगा. किटली नडत असेल तर भांडायला इकडे या, चहा मी करते. नडत नसेल तर 'चालेल' एवढंच लिहा. पुढे कुठलंही चिन्ह नको.