घोडा कुणाला हाक मारतो

दादा,

चिठ्ठी दारालाच लावलीय, म्हणजे आत शिरण्याआधी वाचशील. मी टॅबच्या दुकानात जातेय. शेजारच्या काकू बाबांपाशी बसल्यात, तू आलास की त्यांना मोकळं कर.

आपण स्वस्त म्हणून घेतलेला टॅब फक्त स्वतःच्याच स्टोअरमधून ॲप घेतो. बाबांची वाचा गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं, चित्र दाबलं की बोलणारं ॲप तिथे नाहीच. दुसऱ्या टॅबची स्क्रीन लहान आहे, चार्जिंगही लवकर उतरतं म्हणे, पण त्यात ते चालतं.

तोवर बाबांचं सगळं बोलणं ह्याच टॅबवरच्या, लहान मुलांच्या त्या प्राण्यांचे आवाज काढणाऱ्या खेळावर चाललंय. बदक दाबलं की पाणी द्यायचं. घुबड म्हणजे दिवा मालव. माकड म्हणजे मी, हसू नकोस.

टॅब आज घरीच ठेवलाय. बदलून देतात का, एवढंच विचारून येते. नव्यात हे प्राणी नसतील, आणि घोड्याचा अर्थ मला कालच कुठे लागलाय. घोडा बाबा माझ्यासाठी कधीच दाबत नाहीत. तुझ्या चपला दारात वाजल्या की दाबतात, पुन्हा पुन्हा, आणि तू मान खाली घालून तुझ्या खोलीत निघून जातोस. त्यांना असं बघवत नाही तुला, कळतं मला. पण त्यांच्या पाठीवर बसून घरभर फिरायचास तो तूच ना?

आज खोलीत जाऊ नकोस. त्यांच्याजवळ बस आणि ओ दे.

माकड