तयार झालं की देते

८ जाने.
रेणूवर तिसरी साखर पुन्हा नको त्या जागी चिकटली. आठवडा पाण्यात. मी लॅबमध्ये बनवू बघतेय तेच साबणासारखं फेसाळ सॅपोनिन हिंगणबेटाचं झाड नाल्याकाठी उभ्या उभ्या फळाफळात बनवतं. त्याला ना गाइड, ना पीएचडीचं सबमिशन. सर म्हणतात, धीर धर. धरलाय की. केस पिकायला आले.

११ जाने.
पेपरात सरांची बातमी : ‘हिंगणबेटात कॅन्सरवर इलाज’. सर एवढंच बोलले होते की फळाच्या अर्कानं काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मेल्या. पेपरात बशी गाळली, इलाज ठेवला. सर खुशीत. पेशी फिनाइलनंही मरतात.

१४ जाने., संक्रांत
तीळगूळ घेऊन नाचणगावला मामांकडे. मामांनी केमोची तारीख चुकवली! आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन किती दिवस झालेत! मामी रडकुंडीला. “सकाळी उठले का हिंगणबेटच चघळून राह्यले. माह्यं कोन आयकते?”
मामा मजेत. “पेपरात आलं न, पोरी. अन् तूच त बनवून राह्यली ते. घरची डाक्टर सोडून वर्ध्याले उलट्या कराले काऊन जाऊ?”
मी केमिस्ट्रीवाली, डॉक्टर नाही, हे सांगून सांगून तोंड दुखलं. लहानपणी सायकल शिकवताना यांनी माझं पडणंही असंच हसण्यावारी नेलं होतं. फार जीव आहे माझा यांच्यावर.

१७ जाने.
मामांना लॅबवर आणलं. म्हटलं, डोळ्यांनी बघू देत. माझ्याच रक्ताचे थेंब सलाईनमध्ये घातले, गढूळ लाल. त्यात फळाचा अर्क. जरा वेळानं लाल पेशी फुटल्या आणि नळी सरबतासारखी नितळ झाली. म्हटलं, पाहा मामा, हे चांगली पेशी, वाईट पेशी काही ओळखत नाही.
मामा नळी उजेडाकडे धरून बघत राहिले. “रगत कसं साफ केलं पाय!”
डोकंच फिरलं. आणि मग तोंडातून निघून गेलं, “मामा, हे कच्चं आहे. शुद्ध मी बनवून राह्यली. तयार झालं की देते. पण तवरी केमो सोडला त माह्यं औषध लागू नाई पडणार.”
“असं म्हन न मंग!” लगेच कबूल.
धडधडीत थाप. देण्यासारखं काही नाही माझ्याकडे. उंदरालासुद्धा दिलेलं नाही अजून.

२४ जाने.
मामीचा फोन. गेले केमोला. ओकले, सगळ्यांना शिव्या दिल्या, पण गेले. “तुह्याच भरवशावर जाऊन राह्यले, माय.” बरं वाटलं. मग अजिबात नाही.

१६ फेब्रु.
तिसरी साखर बसली, जागेवर. आता बाकीच्या जागांवर झाकणासारखे लावलेले संरक्षक गट काढले की संपलं. सोपं काम, तरी रेंगाळतेय. सर विचारतात, तब्येत बरी आहे ना? काय सांगू, चुकावं असं वाटतंय म्हणून?

२ मार्च
नागपूरहून एनएमआर, रेणूची रचना दाखवणारा आलेख, आला. झाडाचा आणि माझा नमुना, शिखरन् शिखर जुळलं. हलवल्यावर फेसही तसाच. समोसे आले. रडले, सगळ्यांना वाटलं आनंदानं. होताच आनंद, खोटं कशाला. पण मामांचे केमो अजून बाकी...
सरांनी पेपरवाल्यांना सांगूनही टाकलं, तयार झालं म्हणून. बातमी उद्या. थोडं थांबू या म्हटलं, तर विचारतात, कशासाठी?
संध्याकाळी मामांना फोन लावला. आवाज खोल गेलाय.
“बोल, पोरी. आज लय थकलो. पन तुह्यं औषध येईस्तोवर टिकाचं हाय मले.”
म्हटलं, जेवलात का.
उद्या पेपर पोचायच्या आत नाचणगावला जायचं ठरवलंय. खरं सांगितलं तर केमो सोडतील. नाही सांगितलं तर औषधासाठी हात पुढे करतील, आणि मी त्यावर काय ठेवू?